न घडलेल्या प्रसंगाला चार तारे

मी पोटासाठी मालिका बघते. हे वाक्य मी हिंजवडीजवळच्या नेरे गावात पहिल्यांदा बोलले तेव्हा माझ्या घरमालकीणबाई कांदा चिरता चिरता थांबल्या.

"म्हंजी? टीव्ही बघायचं पैसं देत्यात तुमाला?"

"देतात. फार नाही, पण देतात."

त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत नीट बघून घेतलं. "आन् आमी येडं, फुकाट बघत बसलोय," म्हणाल्या आणि परत कांद्याला लागल्या.

एका वर्तमानपत्राच्या शुक्रवारच्या पुरवणीत मी मालिकांबद्दल लिहिते. पाचपैकी तारे देते. बारा वर्षं हेच करतेय, आणि खरं सांगायचं तर माझ्या तिरकसपणाचा मला बराच अभिमान होता. एका मालिकेतली डॉक्टरीणबाई कानातले झुमके न काढता ऑपरेशनला उभी राहिली. तिला मी दीड तारा दिला. एका ऐतिहासिक मालिकेत वीस-बावीस मावळे त्याच एका झाडामागून पुन्हा पुन्हा येत होते. तिला दोन दिले आणि त्यातला एक झाडाला आहे असं लिहिलं. एका गुन्हेगारी वेबमालिकेत एवढा अंधार होता की खून कुणी केला हे राहू दे, कुणाचा झाला तेच कळेना. वाचक अशा वाक्यांना दाद द्यायचे. मालिका बनवणारे द्यायचे नाहीत, पण त्यांची फिकीर मी कधी केली नाही.

माझी पद्धत ठरलेली होती. लॅपटॉपवर दुप्पट वेगानं भाग लावायचा. जाहिराती नाहीत, शीर्षकगीत नाही, बावीस मिनिटांचा ऐवज अकरा मिनिटांत खलास. पहिल्या आठवड्यात तारे द्यायचे आणि त्या मालिकेचं तोंड पुन्हा बघायचं नाही.

नेऱ्यात मी आले ती नाइलाजानं. शहरातली जागा सोडावी लागली. मारुंजीत बघावं त्या इमारतीत आयटीतल्या पोरांचे मुक्काम, आणि भूगावात सोसायटीवाल्यांना एकटी बाई नको. नेऱ्यात या बाईंच्या घरावर नुकताच मजला चढला होता आणि तिथली एक खोली रिकामी होती. "मटन शिजवनार न्हाई ना चोरून? शिजवायचं तर उघड शिजवा, आमाला बी द्या," एवढीच त्यांची अट. खिडकीतून एका बाजूला हिंजवडीच्या काचेच्या इमारती दिसायच्या, दुसऱ्या बाजूला भातखाचरं. त्यातल्या निम्म्या खाचरांत आता प्लॉटचे दगड रोवलेले.

मी त्यांना काकू म्हणायला लागले. साठीच्या आतबाहेरच्या, बोलायला फटकळ, चालायला माझ्याहून चपळ. संध्याकाळी सातला त्यांच्या स्वयंपाकघरात टीव्ही सुरू व्हायचा, इतका मोठ्यानं की मला माझा लॅपटॉप लावायची गरज पडू नये. कुतूहल म्हणून मी एकदा खाली जाऊन बसले आणि मग रोजच जायला लागले.

पहिल्याच दिवशी मला एक गोष्ट दिसली आणि माझ्या बारा वर्षांच्या नोकरीला घाम फुटला. काकू टीव्ही बघतच नव्हत्या. टीव्ही एका भिंतीवर आणि शेगडी समोरच्या भिंतीला. काकूंची पाठ कायम टीव्हीकडे. भाकरी थापताना, भाजी परतताना, भांडी घासताना त्या मालिका ऐकत होत्या. मध्येच ढॅण् ढॅण् ढॅण् झालं की मान वळवायच्या, पडद्यावरच्या चेहऱ्याकडे बघायच्या आणि पुन्हा तव्याकडे.

त्या ढॅण् ढॅण् ढॅणवर मी एक अख्खा स्तंभ लिहिला होता. एकच चेहरा तीन वेळा का दाखवतात, प्रेक्षक काय आंधळे आहेत का, वगैरे. काकूंना मी तेच विचारलं.

"पयल्या आवाजाला हात पुसायचा, दुसऱ्याला वळायचं, तिसऱ्याला बघायचं," त्या म्हणाल्या. "येकदाच वाजवलं तर भाकर करपंल न्हाई का?"

त्या संध्याकाळी मी वर गेले ती वही घेऊनच खाली आले. म्हटलं, ही बाई काय काय बघते ते टिपून ठेवू. आणि त्यांची समीक्षा माझ्यापेक्षा कडक निघाली. "ही शेतातनं आली म्हनं. पायाला माती कुटं हाय?" "हिच्या घरात आठ मानसं, आन् भांडी घासताना कोन दिसलंय कदी?" एका नायिकेनं पडद्यावर भाकरी थापली तेव्हा काकूंनी नुसती तिच्या नखांकडे बघून मान हलवली. माझ्या निकषांत कथा, अभिनय, संवाद, तंत्र असे चार रकाने होते. भांडी कोण घासतं, हा रकाना नव्हता.

साडेसातला जावांची मालिका लागायची आणि तिचं शीर्षकगीत वाजलं की मी उठून वर जायची. मोठं घर, दोन जावा, थोरलीच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा. तिला मी पहिल्याच आठवड्यात एक तारा देऊन निकालात काढलं होतं. काकूंची मात्र ती सगळ्यात लाडकी. मालिका आठला संपली की त्या हात पुसत मागच्या दारानं बाहेर पडायच्या आणि वीस-पंचवीस मिनिटांनी परत यायच्या. रोज. एकदा मी विचारलंच, जाता कुठे?

"आक्काला सांगाया. मालिका."

आक्का म्हणजे त्यांची थोरली जाऊ. शेजारच्या अर्ध्या घरात राहायची. हे दोन्ही अर्धे मिळून पूर्वी एकच घर होतं. जमिनी विकल्या गेल्या, रस्त्याकडचं वावर कुणाच्या वाट्याला यावरून दोन भावांत वाजलं, आणि घराच्या मधोमध भिंत उठली. परसातही कमरेएवढी एक भिंत घातली. दोघे भाऊ पुढे वर्षाच्या अंतरानं वारले, पण जावांचा अबोला राहिला. सात वर्षं.

"मग बोलायला कशा लागलात?" मी विचारलं.

"बोलाया कुटं लागलो?" काकू म्हणाल्या. "मालिका सांगती मी."

झालं असं होतं. साखरेनं आक्कांचे डोळे गेले. दिसत नाही तर इथे कशाला, म्हणून त्यांचा टीव्ही मुलानं वर आपल्या खोलीत नेला. मुलगा आणि सून दोघं हिंजवडीच्या कंपन्यांत. सकाळी जायचे ते रात्री जेवायला यायचे. एका संध्याकाळी काकू परसात वाळलेले कपडे काढत होत्या आणि भिंतीपलीकडून आवाज आला, "त्या पोरीनं सही केली का गं कागदावर?" सात वर्षांतलं पहिलं वाक्य, आणि तेही मालिकेतल्या पोरीबद्दल. काकूंच्या हातातली चादर खाली पडली. मग त्यांनी भिंतीवरूनच सांगितलं, की न्हाई केली, ऐन वेळेला लाईट गेली त्यांच्यातली. दुसऱ्या दिवशी त्या भिंतीला वळसा घालून आत गेल्या. तेव्हापासून रोज आठला जायचं, झालेला भाग सांगायचा, यायचं. तब्येत, पोरंबाळं, जमीन, यातलं अवाक्षर नाही.

मी एकदा त्यांच्याबरोबर गेले होते. खोली लहान, खाट मधल्या भिंतीला अगदी चिकटून. आक्का भिंतीला टेकून बसलेल्या, हात मांडीवर. काकू उंबऱ्याच्या आत दोन पावलांवर पाटावर बसल्या आणि सांगायला लागल्या. आवाज बदलून, थांबून, मध्ये एक सुस्कारा टाकून. मला ती मालिका ठाऊक असूनही पुढे काय होणार याची उत्सुकता लागली. असं माझं कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

मग माझ्या हातून ती चूक झाली.

जावांच्या मालिकेला वर्ष झालं म्हणून संपादकबाईंनी तिच्यावर पुन्हा लिहायला सांगितलं. शुक्रवारच्या पुरवणीचा मजकूर मी बुधवारी रात्री नऊच्या आत द्यायचा असतो. सोमवारी मी मधले काही भाग पळवत बघितले. थोरली आता पार खलनायिका झाली होती, धाकटीच्या दुधात काहीतरी कालवत होती. ताजा भाग बुधवारचा बघू आणि लिहू, असं ठरवलं. बुधवारी शहरात काम निघालं, येताना हिंजवडीच्या चौकात तास गेला, आणि घरी पोचले तेव्हा आठ वाजून गेलेले. वर जाऊन बघते तर इंटरनेट बंद. रस्ता खणताना जेसीबीनं केबल तोडली होती. मोबाइलवर गोल चक्र फिरत राहिलं.

माझ्या स्वयंपाकाच्या ओट्यावरच्या खिडकीखालीच आक्कांची खिडकी. काकू भाग सांगत होत्या. मी दिवा न लावता ओट्याला टेकून उभी राहिले आणि ऐकलं. वही हातात होतीच.

काकू सांगत होत्या: नवं भात कांडून आलंय. घरात दोन चुली झाल्यात, बोलणं बंद. थोरली बांबूच्या पाटीत नवे तांदूळ भरते, वर फडकं टाकते, आणि भर दुपारी सगळे झोपलेले असताना धाकटीच्या उंबऱ्यावर पाटी ठेवते. हाक मारत नाही. कडी वाजवत नाही. वळते आणि निघून जाते. धाकटी दार उघडते आणि उंबऱ्यावर पाटी.

"मग?" आक्कांनी विचारलं.

पाट सरकल्याचा आवाज आला. "मग संपला की भाग," काकू म्हणाल्या.

मी ओट्यापाशी उभी होते आणि माझ्या अंगावर काटा आला होता. मालिकेत कुणी न बोलता काही करतं! ढॅण् नाही, अश्रू नाहीत, आणि खलनायिकेला अखेर माणूस होऊ दिलंय! मी मोबाइलवरच लिहायला बसले. दुधात विष कालवणाऱ्या बाईच्या हातात एकदम तांदळाची पाटी कशी आली, हा प्रश्न एखाद्या नवशिक्यालाही पडला असता. मला पडला नाही. मला तो प्रसंग हवा होता. 'बारा वर्षांत मालिकेतल्या एका प्रसंगानं मला गप्प केलं,' असं लिहिलं, चार तारे दिले, गच्चीवर जाऊन जरा रेंज मिळवली आणि नऊला पाच कमी असताना मजकूर पाठवून दिला.

शुक्रवारी दुपारपर्यंत वाचकांच्या मेलचा ढीग लागला. बाई कुठली मालिका बघतात? बुधवारच्या भागात तर थोरलीनं धाकटीला माडीवरून ढकललं! एकानं प्रेमानं विचारलं होतं, की तब्येत बरी आहे ना? संध्याकाळी संपादकबाईंचा फोन आला. मालिकेच्या लेखकानं त्यांना फोन केला होता. तक्रार नव्हती त्याची. "हा प्रसंग मी लिहिलेला नाही, पण कुणी लिहिलाय तेवढं सांगा," असं म्हणत होता.

मी खरं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "पुढच्या शुक्रवारी दुरुस्ती छापायची. तुझ्या नावानं. आणि पुन्हा असं झालं तर स्तंभ बंद."

मी खाली गेले. काकू तांदूळ निवडत होत्या. मी रागानंच विचारलं, "काकू, पाटीचा प्रसंग कुठल्या चॅनेलवर लागला होता?"

त्यांचा हात थांबला. मी छापून आलेलं वाचून दाखवलं. ऐकताना त्यांचा चेहरा उजळला आणि लगेच उतरला.

"म्याडम, मालिकेतली थोरली चार म्हयन्यापास्नं इख कालवतीया," त्या म्हणाल्या. "आक्काच्या तोंडावर मी कसं सांगू, का थोरली जाऊ इख घालती म्हून? मग मी बदललं. माज्या मालिकेत इख कालवनारी येक चुलत ननंद हाय."

चार महिने! माझ्या खिडकीखाली चार महिने एक वेगळीच मालिका चालू होती, आणि मी समीक्षक म्हणवून घेणारी वर बसून वांगी परतत होते. राग कुठल्या कुठे गेला. मी विचारलं, "आणि पाटी? तीही तुम्हीच घातलीत?"

"न्हाई. ती आक्कानंच ठिवली हुती." त्यांनी निवडलेला मूठभर तांदूळ परत सुपात टाकला. "वाटनी झाली त्या सालाला. माज्या ह्याच उंबऱ्यावर. भर दुपारी. मी पाटी बगितली आन् पोराच्या हाती तशीच परत धाडली. फडकं बी उचललं न्हाई वरचं."

म्हणून भाग तिथंच संपला होता. त्यापुढचं सांगायला त्यांची जीभ रेटली नव्हती. त्यानंतर दोन दिवस त्या नणंदेच्या कारस्थानांवर वेळ काढत होत्या आणि पाटी उंबऱ्यावर तशीच पडून होती. आक्काही काही विचारत नव्हत्या.

दुरुस्ती छापावी लागणार, हे मी सांगितलं तेव्हा त्यांनी माझा हात धरला. "नगा छापू. सून शनवारी सुट्टी असली का पेपर वाचून दावती आक्काला. तुमचं पान पयलं वाचाया लावत्यात त्या. मी खोटं सांगती ह्ये कळलं तर परत कोन्त्या तोंडानं जाऊ?"

मी आठवडाभर त्या तीन ओळी लिहीत होते. लोकांच्या खोटेपणाबद्दल तारे कापणारी मी; माझ्या खोट्याला मी पाठीशी घातलं असतं तर पुन्हा कुणाला एक तारा द्यायचं तोंड राहिलं नसतं. आणि त्या तीन ओळी छापल्या तर आठ वाजताची ती वीस मिनिटं कायमची बंद पडणार होती. शेवटी मी लिहिलं: हा प्रसंग मालिकेत नाही. चूक पूर्णपणे माझी. दिलेले तारे मात्र मी परत घेत नाही. संपादकबाईंनी शेवटचं वाक्य काढून टाकलं. दुरुस्ती छापून आली. मला स्वतःची लाज वाटत होती आणि दुसरं काय करायला हवं होतं तेही कळत नव्हतं.

शनिवारी आठ वाजता काकू गेल्या नाहीत. मालिका संपली, त्यांनी टीव्ही बंद केला आणि स्वच्छ असलेला ओटा पुन्हा पुसला. रविवारीही तेच. सोमवारीही. माझ्याशी बोलत होत्या, पण चहा विचारत नव्हत्या. मी त्या स्वयंपाकघरात बसून राहायची. सोमवारी काय बघावं ते न कळून टीव्हीमागच्या भिंतीकडे बघत होते, आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मधली भिंत ती हीच. आक्कांची खाट पलीकडून हिलाच चिकटलेली आहे. आणि टीव्हीचा आवाज वरच्या मजल्यावर माझ्या खोलीत येतो.

म्हणजे आक्का रोज दोन मालिका ऐकत होत्या. साडेसातला भिंतीतून एक आणि आठला पाटावरून दुसरी.

हे काकूंना सांगावं की नाही, यात मंगळवार उजाडला आणि मावळला. साडेसातला मालिका सुरू झाली. त्याही दिवशी मी वर गेले नाही. काकू शेगडीपाशी, नेहमीसारखी पाठ टीव्हीकडे. भाग रंगात आला होता आणि परसातून आवाज आला. भिंतीपलीकडून. खाट सोडून, चाचपडत, भिंतीला धरून आक्का तिथवर आल्या असणार.

"अगं ये! उचलली का न्हाई त्या धाकटीनं पाटी?"

काकूंच्या हातातलं उलथनं तसंच राहिलं. टीव्हीवर ढॅण् ढॅण् ढॅण् झालं, तीन वेळा कुणाचा तरी चेहरा आला. त्यांनी वळून बघितलं नाही. भाजी करपल्याचा वास सुटला तेव्हा मीच उठून शेगडी बंद केली.

"म्याडमनी छापलंय की, आक्का," त्या दारात जाऊन म्हणाल्या. "तसलं काय बी न्हाई मालिकेत."

"त्ये त्यांच्या मालिकेत. मी तुज्या मालिकेचं इच्यारतीया."

काकूंनी पदरानं तोंड पुसलं. असला प्रश्न मी कुठल्याही मालिकेत ऐकला नव्हता आणि त्याचं उत्तर मला ठाऊक नव्हतं.

"उचलली, आक्का," त्या म्हणाल्या. "लई उशिरा, पन उचलली."

पलीकडून आक्का म्हणाल्या, "मग भात कुटं हाय?"

काकू आत आल्या. कोपऱ्यातल्या डब्याचं झाकण काढलं, दोन वाट्या तांदूळ ताटलीत घेतले, जरा थांबल्या आणि माझ्याकडे बघून तिसरी वाटी घातली. पडद्यावर थोरली पुन्हा दुधाचा पेला घेऊन निघाली होती.

"म्याडम," काकू तांदूळ धुता धुता म्हणाल्या, "त्यो टीव्ही बंद करा बगू."

भाग अजून अर्धा बाकी होता. मी टीव्ही बंद केला.